बाजारात खाल्लेले तीन घास

आधीच सांगून टाकतो, या गोष्टीत सगळ्यात मोठा मूर्ख मी आहे. पण सगळ्यात मोठा हरामखोर मी नाही, आणि माझा जळफळाट होतो तो त्या दुसऱ्यापायी.

पैज लागली ती एका खड्यावरून. बुकैर विणकर सकाळी माझ्या दुकानापुढं आला, हरीशाचा, म्हणजे गहू-मांसाच्या लापशीचा, वाडगा तोंडाला लावला, दाताखाली काहीतरी कचकन चावलं आणि थुंकून म्हणाला, "अबू फुलफुल, यात गहू जास्त की खडे?"

मी म्हटलं, "विणकरा, तुला एवढा बारीक खडा कळतो, मग तुझ्या कापडातली भोकं कशी रे दिसत नाहीत?"

आजूबाजूचे हसले. बुकैर चिडला. चिडला की त्याचे कान लाल होतात, आणि ते लाल झालेले बघायला मला फार आवडतं, खोटं कशाला बोलू.

"एवढा तुझा हरीसा भारी ना? मग शेख कबीसांना खाऊ घालून दाखव. घरी नाही. इथं. भर बाजारात, उभ्यानं!"

सगळे एवढे हसले की पलीकडची गाढवं ओरडायला लागली. कारण कूफ्यातल्या दगडालाही माहीत होतं, शेख कबीसा बाजारात खजुराची बीसुद्धा चघळत नाहीत. ते शिकवतातच तसं. जो माणूस रस्त्यात उभा राहून चारचौघांसमोर तोंड चालवतो, त्याला लोकांची लाज नाही. लोकांची लाज नाही त्याला अल्लाची कुठून असणार? अशाची साक्ष काझीनं घेऊ नये.

"तीन दिवस दे," मी म्हटलं.

"घे. पण त्यांनी आपल्या मर्जीनं खायला हवं. पाया पडायचं नाही, रडायचं नाही, शपथ घालायची नाही. आणि जो हरेल तो गाढवावर उलटा बसेल, शेपटीकडं तोंड करून. आपल्या गल्लीपासून मशिदीच्या दारापर्यंत."

"आणि ओरडेल," मी भर घातली, "कूफ्यातलं सगळ्यात मोठं गाढव मी! हे खालचं माझं धाकटं भावंड!"

खोट्या साक्षीदाराला आमच्याकडं असंच उलटं बसवून फिरवतात. म्हणून हसायला जास्तच मजा आली. हातावर हात पडले.

आता शेखांबद्दल. आमच्याच गल्लीतले. बाप खजुराच्या काथ्याचे दोर वळायचा, हेही वळतात. सत्तरीला आले, तळहात बघाल तर उंटाच्या गुडघ्यासारखे. विशीत डोक्यात एक प्रश्न घुसला: उसनं आणलेलं भांडं माझा हात न लागता आपोआप फुटलं, तर दोष कोणाचा? इथल्या एकाला विचारलं, दुसऱ्याला विचारलं, समाधान होईना. हा गडी निघाला पायी मदिनेला. चौदा महिन्यांनी परत आला तेव्हा आई दारात उभी.

"मिळालं का रे उत्तर?"

"मिळालं, आई. आणि सात नवे प्रश्न मिळाले."

"मग आता कुठं?"

"बसऱ्याला."

आईनं हातातला अर्धा वळलेला दोर त्याच्या अंगावर फेकला. माझी आई तिथं होती, ती सांगायची. दोर घेतला खांद्यावर आणि गेले. असे वीस वर्षं फिरले. कोणी म्हटलं, पैगंबरांनी असं असं सांगितलंय, तर हे विचारणार, तू कोणाकडून ऐकलंस? तो जिवंत आहे? कुठं आहे? आणि त्या माणसाच्या दारात जाऊन, त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय शब्द उचलणार नाहीत. चाळिशीत परत आले आणि मशिदीत तिसऱ्या खांबाला पाठ टेकून शिकवायला बसले. तेव्हापासून तिथंच. अर्ध्या प्रश्नांना त्यांचं उत्तर, "मला माहीत नाही." खुरासानहून महिनाभर हाडं खिळखिळी करून माणूस येतो, "माहीत नाही" एवढं घेऊन परत जातो, आणि खुशीत जातो! मला हे कोडं कधी सुटलं नाही. मी ग्राहकाला "हरीसा नाही" म्हटलं तर तो माझ्या बापाचा उद्धार करतो.

कूफ्यावर दोन अमीर होऊन गेले, दोघांनी त्यांना काझी व्हा म्हटलं. शेखांनी दोघांना हातातला दोर दाखवला. "हा अर्धा राहिलाय."

माझं भांडं दुपारी रिकामं झालं की मी चौथ्या खांबामागं जाऊन पडतो. ज्ञानासाठी नाही, तिथली फरशी गार असते. पण कान काय बंद करता येतात? एकदा ते सांगत होते, "साक्ष ही दुसऱ्याच्या डोक्यावर पडते. म्हणून साक्षीदार पारखून घ्यावा. कबुली मात्र स्वतःच्याच डोक्यावर पडते. ती चोरानं दिली तरी घ्यावी, जुगाऱ्यानं दिली तरी घ्यावी."

मी खांबामागून ओरडलो, "कबुतरवाल्याची?"

कारण माझ्या गच्चीवर तीस कबुतरं आहेत, आणि कबुतरं उडवणाऱ्याची साक्ष आमच्याकडं चालत नाही. का, तर तो गच्चीवर उभा राहून लोकांच्या अंगणात डोकावतो म्हणे. मी डोकावतो का? डोकावतो. पण ते वेगळं.

शेख हसले. "तुझीसुद्धा, अबू फुलफुल. फक्त तुझ्याकडं कबूल करण्यासारखं इतकं आहे की काझीची संध्याकाळ होईल."

तर पैजेचे दोन दिवस गेले. पहिल्या दिवशी मी म्हटलं, शेख, मीठ बरोबर आहे का चाखून सांगा. ते म्हणाले, "तुझ्या जिभेला काय झालं?" दुसऱ्या दिवशी म्हटलं, शेख, गरिबाचं मन राखा. ते म्हणाले, "वाडगा घरी पाठव, राखतो." बुकैर समोरच्या ओट्यावर मांडी घालून बसलेला, दात काढत. गाढवसुद्धा आणून बांधलं होतं मेल्यानं.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेख खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन मशिदीकडं निघाले. अजान देणारा छपराची शिडी चढत होता. मी वाडगा भरला, वर तूप सोडलं, दालचिनी भुरभुरली, आडवा गेलो आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं. अगदी हळू, बुकैरला ऐकू जाणार नाही असं.

"शेख, अजानच्या आत तुम्ही इथं, उभ्यानं, या वाडग्यातले तीन घास खाल्ले नाहीत, तर माझ्या बायकोला तीन तलाक."

शेख थांबले.

"हे थट्टेत बोललास?"

"हो, शेख."

"तलाक थट्टेतही लागतो. किती वेळा शिकवलंय?"

"म्हणून तर बोललो."

वर अजान देणाऱ्यानं कानावर हात ठेवले. शेखांनी दोर खाली ठेवला. बाही मागं सारली. चाळीसएक माणसं बघत होती. तीन बोटांनी तीन घास, एकामागून एक, सावकाश. मग हात पुसला आणि माझ्या कानाशी आले.

"लुबाबा तुझीच राहिली. तिला हे कळू देऊ नकोस. नवऱ्यानं आपल्याला गमतीखातर दोरीवर टांगलं होतं, हे कुठल्याच बाईच्या कानावर जाऊ नये. माझ्या तोंडून जाणार नाही."

दोर उचलला आणि गेले.

तेव्हा छातीत काहीतरी टोचलं होतं, नाही असं नाही. पण गल्ली अशी ओरडली, बुकैरचे कान असे डाळिंबासारखे झाले, की मी नाचायलाच लागलो. शपथेचं कोणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. सांगितलं की पैज गेली. लोकांना वाटलं, अबू फुलफुलच्या हरीशानं शेखांचा पण मोडला! आणि बुकैर? त्याचा आधी गुडघा दुखला. मग गाढवाचा खूर दुखला. मग म्हणे सासू आजारी. पंधरा दिवस झाले तरी स्वारी निघेना, आणि मी रोज त्याच्या मागाशेजारी जाऊन गाढवासारखा ओरडून येत होतो.

अशातच एक माणूस आला. नवखा. दाढी नीट विंचरलेली, नखं स्वच्छ. त्यानं हरीसा झाकणाच्या भांड्यात मागितला, घरी न्यायला. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता, की बाजारात न खाणारा हा कोण पाहुणा? नाही पडला. म्हणाला, "इथले शेख कबीसा फार सज्जन म्हणतात."

"सज्जन? अहो, माझ्या हरीशापुढं ते पण झुकले!" आणि मी सगळं नाटक करून दाखवलं. दोर असा खाली ठेवला, बाही अशी सारली, घास असा घेतला.

"उभ्यानं?"

"उभ्यानं!"

"रस्त्यात?"

"जिथं तुम्ही आहात ना, तिथंच!"

त्याला मी तूप जास्त घातलं. त्या माणसाला! अजून हात तोडून टाकावासा वाटतो. कारण तो काझीचा चौकशीदार होता. साक्षीदार कसा आहे, हे गल्लीत गुपचूप विचारून काझीच्या कानावर घालणं हे त्याचं काम.

आणि शेख साक्षीदार होते ते रुम्मानाच्या खटल्यात.

रुम्माना म्हणजे आमच्या गल्लीचा तंदूर. तिची भाकरी नसेल तर माझा हरीसा कोणी विचारणार नाही. पूर्वी ती खव्वात कातडेवाल्याची दासी होती. दोन वर्षांपूर्वी खव्वातनं धडधाकट असताना, आपल्या अंगणात, शेख कबीसा आणि म्हाताऱ्या सालिम तेल्याला बोलावून सांगितलं, "रुम्माना, आजपासून तू आझाद." दोघांनी ऐकलं. मग मेजवानी झाली. हरीसा माझाच होता; मी मागच्या चुलीशी होतो, नुसता गलका ऐकला. पण कोणी किती खाल्लं ते मला विचारा. खव्वातचा पुतण्या जर्वल, त्यानं दोन वाडगे खाल्ले. तिच्या आझादीचे दोन वाडगे! बोटं चाटली आणि तिला मुबारक म्हणाला.

खव्वात गेला. चाळीस दिवस झाले नाहीत तोवर हाच जर्वल काझीकडं. कोण आझाद? कुणी केली? माझ्या काकाची दासी, आता वारशानं माझी. अहवाझचं एक गिऱ्हाईक ठरलंय, काफिला शनिवारी निघतो.

खव्वातनं कागद केला नव्हता. मग राहिली दोन माणसांची साक्ष. सालिम तेल्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं. पण एकट्याची साक्ष म्हणजे एका पायाची तिवई.

लुबाबा त्या दिवशी घरी आली ती रडतच. माझी बायको रडत नाही, ती रडवते. "रुम्मानाला नेणार," म्हणाली. "काझी म्हणे शेखांची साक्ष पाडणार. त्यांनी बाजारात काहीतरी खाल्लं म्हणून. आयुष्यभर ज्या माणसानं तोंडात बी घातली नाही, त्याला खाऊ घालणारा तो कोण चांडाळ?"

"मी," म्हटलं.

"ते ठाऊक आहे मला. पण त्यांनी खाल्लं कसं?"

मी सांगितलं नाही. कबुतरांना दाणे टाकायचेत म्हणून वर गेलो आणि तिथंच बसून राहिलो.

गुरुवारी मशिदीत काझी बसले. काझी सुवैद, शेखांच्या पायाशी नऊ वर्षं शिकलेले. सगळी गल्ली आली होती. बायका एका बाजूला, त्यात लुबाबा, तिच्या हातात रुम्मानाचा हात. जर्वल आला मर्वच्या रेशमात. आणि मला सांगा, माझं डोकं का फिरू नये? चौकशीदारानं त्याच्याबद्दलही विचारलं असेल. काय कळलं असेल? वेळेवर नमाजला येतो. हमामात पंचा गुंडाळतो. कबुतरं नाहीत, बुद्धिबळ नाही. बाजारात खात नाही. खरंच आहे ते! जर्वल बाजारात कधीच खात नाही. तो माणसं खातो, पण घरी बसून, गालिच्यावर, हात धुऊन.

सालिम तेल्यानं साक्ष दिली. मग शेख उठले, दोराचे काथे अजून बाहीला चिकटलेले, आणि सरळ सांगितलं, "खव्वातनं माझ्यासमोर हिला आझाद केलं. मी या कानांनी ऐकलं."

काझी सुवैद खाली बघून म्हणाले, "शेख, माझ्यापर्यंत एक गोष्ट आलीय. तुम्ही बाजारात खाल्लं?"

"खाल्लं."

"उभ्यानं?"

"उभ्यानं. तीन घास."

"अशाची साक्ष घेऊ नये, हे मला कोणी शिकवलं?"

"मी शिकवलं. उद्या विचारशील तर परत तेच शिकवीन."

जर्वलनं दाढीवरून हात फिरवला. एवढं गोड हसला तो, की माझ्या दातांवर दात आले.

काझींचा आवाज जड झाला. "काही कारण होतं का, शेख? भूक, औषध, काहीही. सांगा."

"कारण होतं. पण ते माझ्या मालकीचं नाही, सुवैद. कोणाची तरी ठेव आहे माझ्याकडं. ठेव मी कशी उघडू?"

"त्यापायी ही बाई जाईल."

शेखांनी रुम्मानाकडं बघितलं. डोळे भरले होते त्यांचे. मी तीस वर्षं बघतोय त्यांना, असे कधी बघितले नव्हते. "मी खरं सांगितलंय. दुसऱ्याचं गुपित विकून ते आणखी खरं होत नाही."

तेवढ्यात रुम्माना बोलली. शांतपणे. "मी पण ऐकलं होतं. मला कोण विचारतं? पिठाच्या गोणीला विचारत नाहीत, तू कोणाची." मग शेखांकडं वळली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बाबा."

बाबा! ती जाणार अहवाझला आणि धीर देतेय त्यांना! माझ्या अंगाची आग झाली. जर्वलची चीड आली, काझीची आली, त्या स्वच्छ नखांच्या चौकशीदाराची आली. शेखांचीसुद्धा आली: अहो, एवढं ज्ञान, एवढी पायपीट, आणि एक वाक्य बोलवत नाही? आणि मग लक्षात आलं की ते वाक्य त्यांचं नव्हतंच. माझं होतं.

मी उठलो. "काझी! मला बोलायचंय!"

"अबू फुलफुल, बस. कबुतरवाल्याची साक्ष मी घेत नाही."

लोक हसले. जर्वल मोठ्यानं म्हणाला, "आता भांडी पण साक्ष देतील, पळ्या पण!"

"साक्ष द्यायला कोण उठलंय?" मी ओरडलो. "मी कबुली द्यायला उठलोय! साक्ष दुसऱ्याच्या डोक्यावर पडते, कबुली स्वतःच्या. चोराची घेता, जुगाऱ्याची घेता, मग माझी का नाही? हे मला कोणी शिकवलं विचारा! तिसऱ्या खांबानं शिकवलं! तुम्ही पुढं बसायचात, काझी, मी मागं झोपायचो, पण शिकलो तेच!"

शेख पुटपुटले, "अबू फुलफुल, नको."

"नको कसं? माझी ठेव आहे, मी उघडतो." मी बायकांकडं बघितलं. लुबाबा माझ्याकडंच बघत होती. नदीत ढकललेल्या मांजरासारखी अवस्था. पण बोललो. "मी बुकैरशी पैज लावली होती, शेखांना बाजारात खाऊ घालीन म्हणून. जमेना, तेव्हा त्यांच्या कानात शपथ घेतली. अजानच्या आत तुम्ही इथं उभ्यानं खाल्लं नाही, तर माझ्या बायकोला तीन तलाक. गमतीत घेतली. त्यांनी खाल्लं ते माझं घर मोडू नये म्हणून. आणि गप्प राहिले ते तिला कळू नये म्हणून. झालं! हेच कारण. आता माझ्या डोक्यावर काय टाकायचं ते टाका."

बायकांमधून "हाय अल्ला" असा आवाज आला. लुबाबाचा नव्हता.

जर्वल उसळला. "खोटं आहे! बाईला वाचवायला रचलेलं!"

"जर्वल," काझी म्हणाले, "खोटं बोलून माणूस स्वतःला वाचवतो. आपल्या बायकोसमोर, सगळ्या गावासमोर, स्वतःच्या डोक्यात दगड कोण घालून घेईल? तू घालशील?" मग शेखांकडं वळले. "शेख, ही तीच ठेव?"

"मालकानं आपल्या हातानं उघडली. आता सांगायला हरकत नाही. हीच."

"म्हणजे तुम्ही निर्लज्जपणानं खाल्लं नाही. दुसऱ्याची अब्रू राखायला आपली रस्त्यावर ठेवलीत."

"ते तू ठरव. काझी तू आहेस. माझा दोर अर्धा राहिलाय."

काझी सुवैद हसले की रडले, सांगता येणार नाही. तोंडावर बाही धरली होती. मग सरळ बसले. "शेख कबीसांची साक्ष मी घेतो. सालिमची घेतली आहे. दोन झाल्या. रुम्माना, खव्वातनं तुला आझाद केलं त्या दिवसापासून तू आझाद आहेस. जा, तुझा तंदूर पेटव."

रुम्माना खाली बसली. लुबाबानं तिला मिठीत घेतलं आणि दोघी हमसून हमसून रडल्या. आणि या सगळ्या गोंधळात, मागून, एक आनंदानं फुटलेला आवाज:

"शपथ घातली होती! म्हणजे मी हरलोच नव्हतो!"

बुकैर. कान लाल, डोळे चमकतायत, काझीसमोर नाचतोय. "ऐकलं ना सगळ्यांनी? शपथ घालायची नाही असं ठरलं होतं! गाढव बाहेरच बांधलंय!"

"तुझ्या सासूचं काय झालं?" मी विचारलं.

"बरी झाली! आत्ताच!"

तर असा मी गाढवावर. शेपटीकडं तोंड. बुकैरनं पुढून दोरी धरली होती, पण गल्लीच्या तोंडाशी लुबाबानं ती त्याच्या हातातून काढून घेतली. "हे गाढव माझ्या घरचं आहे," म्हणाली. "दोन्ही." माझ्याकडं वळूनही बघितलं नाही.

"लुबाबा," मी पाठीमागून हळूच म्हटलं, "माफ कर गं. थट्टाच होती."

"मला माहितीये थट्टा होती. तू खऱ्यानं बोलला असतास तर एवढं लागलं नसतं." चार पावलं गेली. "घरी बोलू. कबुतरांबद्दलही बोलू. आता ओरड."

मी ओरडलो. "कूफ्यातलं सगळ्यात मोठं गाढव मी! हे खालचं माझं धाकटं भावंड!" लोक हसले, खजुराच्या बिया मारल्या. रुम्माना तंदुरापाशी पोहोचली होती; तिनं पिठाचा हात माझ्या तोंडावर फिरवला, दोन्ही गालांवर, आणि मग हसली. मारा बिया. खुशाल मारा. मला काही वाटलं नाही.

वाटलं ते पुढं. समोरून जर्वल आला, खेचरावर, तोंड पुढं करून, रेशमाची घडी न मोडता. ज्या बाईच्या आझादीचे त्यानं दोन वाडगे चाटून खाल्ले, तिला तो बाजारात विकायला निघाला होता. त्याला कोणी उलटं बसवलं नाही. त्याच्यावर एक बी कोणी मारली नाही. उलट दोघातिघांनी सलाम केला! दावा हरणं गुन्हा नाही म्हणे. बरोबर असेल, मी काही काझी नाही. तो बाजूनं गेला, आणि माझं तोंड मागं असल्यामुळं मला तो पार गल्लीच्या टोकापर्यंत दिसत राहिला. ताठ. सज्जन.

मशिदीच्या दारात शेख पायरीवर बसून दोर वळत होते. गाढव थांबलं. मी शेवटचं ओरडायचं म्हणून छाती भरून घेतली, जर्वल गेला त्या दिशेला बघितलं, आणि पुन्हा तेच ओरडलो. माझ्याबद्दलच. दुसऱ्याबद्दल ओरडायची मला परवानगी नाही, मी कबुतरवाला.

"ऐकू आलं नाही," लुबाबा म्हणाली, दोरी घट्ट धरून. "पुन्हा."

मी पुन्हा ओरडलो.